रद्दीच्या टोपलीचा उत्सव : जपानमधील शरदाची कागदी सजावट आणि तिचा तेराशे वर्षांचा इतिहास

१/
जपानच्या ईशान्येकडील सेंदाई शहरात दरवर्षी ६ ते ८ ऑगस्ट या तीन दिवसांत बाजारपेठांच्या छतांखाली उंच बांबू झुकलेले दिसतात. त्यांवर सात प्रकारच्या कागदी वस्तू टांगलेल्या असतात. त्यांपैकी सहा वस्तू मंगलचिन्हे म्हणून सहज पटतात. सातवी मात्र रद्दीची टोपली असते, आणि तिच्यात खरोखरच कागदाचे कपटे भरलेले असतात. उत्सवाच्या सजावटीत कचऱ्याच्या टोपलीला मानाचे स्थान कसे मिळाले, याची ही कथा.

२/
उत्सवाचे नाव तानाबाता. आकाशातील विणकर कन्या ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी यांची आकाशगंगेने ताटातूट केली. सातव्या चांद्रमासाच्या सप्तमीच्या रात्री तेवढी त्यांची भेट होते, ही मूळ चिनी कथा. हे दोन तारे मराठी वाचकांना परक्या नावांनी ओळखण्याची गरज नाही. विणकर कन्या म्हणजे अभिजित आणि गुराखी म्हणजे श्रवण. जपानी पंचांगात सातव्या महिन्यापासून शरद सुरू होतो. म्हणून हायकूच्या परंपरेत तानाबाता हा शरदाचा शब्द मानला जातो.

३/
हा सण चीनमधून नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, जपानच्या दरबारात रुजला. पुढे क्योतोचे सरदार या रात्री ‘काजी’ नावाच्या झाडाच्या पानांवर कविता लिहून ताऱ्यांना अर्पण करीत. काजी हे तुतीच्या कुळातील झाड असून त्याच्या सालीपासून कागद होतो. कागदाच्या झाडाचे पान हाच पहिला कागद ठरला. कालांतराने पानाची जागा कागदाच्या अरुंद पट्टीने घेतली; तिला तांझाकु म्हणतात.

४/
त्या काळी कागद स्वस्त नव्हता. काजीचे जवळचे नातलग असलेल्या कोझो या झुडपाच्या फांद्या हिवाळ्यात तोडायच्या, वाफवून साल सोलायची, राखेच्या पाण्यात उकळायची, निवडायची आणि कुटायची. मग भेंडीच्या कुळातील एका वनस्पतीच्या मुळांचा चिकट रस त्या लगद्यात मिसळून एकेक ताव उचलायचा. कोझोचे तंतू लांब आणि चिवट असतात. त्यामुळे वापरलेला कागद पुन्हा भिजवून, कुटून त्याचा नवा ताव करता येतो. पुनर्वापराची ही क्षमता त्या कागदाच्या घडणीतच होती.

५/
लगदा करण्याआधी मात्र कागदाची दुसरी बाजू वापरली जाई. इ.स. ७०२ मधील मिनो, चिकुझेन इत्यादी प्रांतांच्या कुटुंबनोंदी आज उपलब्ध आहेत, त्या याच सवयीमुळे. अशा नोंदी तीस वर्षे जपून मग निकालात काढण्याचा नियम होता. ती सरकारी रद्दी नारा येथील तोदाईजी मंदिराच्या सूत्रलेखन कार्यालयाकडे आली. तेथील लेखनिकांनी तिच्या कोऱ्या पाठीवर आपले हिशेब लिहिले. ते हिशेब शोसोइन भांडारात राहिले आणि त्यांच्या पाठीमागे सामान्य शेतकरी कुटुंबांची नावे, वये आणि नातीही राहिली.

६/
सेंदाईजवळच तागाजो हे प्राचीन ठाणे आहे. त्याची स्थापना ७२४ मधील. तेथे लाखेचे भांडे वाळू नये म्हणून पृष्ठभागावर जुना कागद झाकणासारखा दाबून ठेवीत. लाख भिनलेला तो कागद पुढे मातीत फेकला गेला. पण लाखेमुळे कुजला नाही. १९७०च्या दशकात संशोधकांनी या काळ्या, चामड्यासारख्या तुकड्यांवर अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरे वाचली. ज्याला कचरा मानले होते, तो दफ्तराचा भाग निघाला.

७/
पुनर्वापरामागे केवळ टंचाई नव्हती. सेइवा सम्राटाचे निधन झाल्यावर त्याची एक राणी, फुजिवारा नो तामिको, हिने सम्राटाने आपल्याला लिहिलेली पत्रे गोळा केली, त्यांचा लगदा करवून नवा कागद घडवला आणि त्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्र लिहवून घेतले. ८८६ साली तिचे निधन झाले, त्या नोंदीत राजवृत्तांताने ही हकिकत जपली आहे. पत्रे नष्ट झाली, पण त्यांतील शाई नव्या कागदात उतरली.

८/
जुनी शाई पूर्णपणे धुतली जात नसे. म्हणून असा कागद राखाडी छटेचा होई, आणि त्याला ‘फिकट शाईचा कागद’ असेच नाव पडले. पुढे क्योतोतील दरबारी कागदशाळेत अशा कागदाचे उत्पादन नित्याचे झाले आणि खुद्द सम्राटाच्या आज्ञा त्यावर लिहिल्या जाऊ लागल्या. राखाडी रंग हीनतेची खूण न राहता राजाज्ञेची ओळख बनला.

९/
एदो काळात (१६०३ ते १८६८) ही व्यवस्था रस्त्यावर आली. आजच्या तोक्योच्या, म्हणजे तेव्हाच्या एदो शहराच्या, गल्लीबोळांत रद्दी विकत घेणारे फेरीवाले फिरत. त्यांच्याखालोखाल रस्त्यावरचे कपटे वेचणारे असत. ती रद्दी असाकुसा भागातील कारागिरांकडे जाई आणि स्वस्त, खरखरीत ‘असाकुसा कागद’ होऊन परत येई. दुकानात नुसते बघून काही विकत न घेणे याला जपानीत ‘हियाकाशी’ म्हणतात. उकळलेला लगदा निवेपर्यंत वेळ काढायला हे कारागीर जवळच्या योशिवारा वस्तीत नुसते हिंडून येत, त्यावरून हा शब्द आला असे सांगितले जाते.

१०/
कागद घरोघरी पोहोचला, तसा तानाबाताही दरबाराबाहेर पडला. तोकुगावा राजवटीने त्याला पाच प्रमुख सणांत स्थान दिले. शाळांतील मुले अक्षर सुधारावे म्हणून तांझाकुवर लिहू लागली. चित्रकार हिरोशिगेच्या एदोदर्शन मालिकेतील १८५७ च्या एका चित्रात शहराच्या छपरांवर असंख्य बांबू डोलताना दिसतात. त्यांवर कागदी खातेवही आहे, हिशेबाची मणिचौकट आहे, कलिंगडाची फोडही आहे. घरातील रोजच्या वस्तूच ताऱ्यांना दाखवल्या जात होत्या.

११/
१ जानेवारी १८७३ रोजी जपानने युरोपीय दिनदर्शिका स्वीकारली आणि जुन्या पाच सणांची राजमान्यता रद्द केली. सातव्या महिन्याची सप्तमी ७ जुलैला आली, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तारेच दिसेनात. सेंदाईने यातून मधला मार्ग काढला: सण एक महिना पुढे ढकलला. ऑगस्टचा दुसरा आठवडा जपानी पंचांगात शरदारंभाचा असतो. म्हणून तेथे हा सण आजही शरदाच्या उंबरठ्यावर येतो.

१२/
सेंदाईच्या सात वस्तू अशा:
तांझाकु, विद्या आणि सुंदर हस्ताक्षरासाठी.
कामिगोरोमो, म्हणजे कागदी किमोनो, शिवणकामात हात बसावा आणि रोगराई टळावी म्हणून.
ओरिझुरु, घडीचा सारस, दीर्घायुष्यासाठी.
किंचाकु, बटवा, व्यापारात बरकत यावी म्हणून.
तोआमी, मासेमारीचे जाळे, समुद्राच्या कृपेसाठी.
फुकिनागाशी, लांब पट्ट्यांचा झुबका, विणकर कन्येच्या धाग्यांची खूण.
आणि कुझुकागो, रद्दीची टोपली, स्वच्छता व काटकसरीसाठी.

१३/
टोपली करण्याची रीत सोपी आहे. चौकोनी कागदाच्या तिरप्या घड्या घालायच्या, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून चिरा द्यायच्या, मग कागद हलक्या हाताने उलगडायचा. सपाट कागदाची जाळी होते. तिच्या मध्यभागी इतर सहा वस्तू करताना उरलेले कपटे ठेवायचे आणि चारही टोके दोऱ्याने एकत्र बांधायची. म्हणूनच ही वस्तू शेवटी होते. आधीचे काम झाल्याशिवाय तिच्यात भरायला काही नसते.

१४/
पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत हा सण विझत चालला होता. १९२७ मध्ये सेंदाईच्या काही व्यापाऱ्यांनी निश्चयाने पुन्हा बांबू उभारले. १९२८ मध्ये सजावटीची स्पर्धा झाली आणि सारे शहर त्यात उतरले. मंदीला उत्तर म्हणून लोकांनी कागद कापला. पण ही उभारी फार वर्षे टिकली नाही.

१५/
चीनशी युद्ध पेटल्यावर काटकसर ही राजाज्ञा झाली. १९४० मध्ये चैन म्हणजे शत्रू, अशा आशयाचे फलक शहरांत लागले. उत्सव मंदावले, पुढे थांबले. येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. कुझुकागोतील काटकसर घरातून उगवलेली होती आणि तिचा शेवट आनंदात होत असे. फलकावरची काटकसर वरून लादलेली होती, आणि वाचलेली प्रत्येक गोष्ट युद्धाच्या स्वाधीन होत होती.

१६/
यात कागदही सुटला नाही. कोझोच्या हातकागदाचे अनेक थर कोंजाकु या कंदाच्या खळीने चिकटवून प्रचंड फुगे केले गेले. हे काम मुख्यतः शाळकरी मुलींकडून करवून घेतले. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात सुमारे ९,३०० फुगे बॉम्बसह उंचावरच्या वेगवान वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडण्यात आले. ५ मे १९४५ रोजी ऑरेगॉनमधील जंगलात अशा एका बॉम्बने एका गर्भवती स्त्रीचा आणि पाच मुलांचा बळी घेतला. एरवी सारसाच्या घड्या घालणाऱ्या हातांकडून हेही घडवून घेतले गेले.

१७/
१० जुलै १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी सेंदाईचा मध्यभाग जाळला. शेकडो माणसे मेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४६ मध्ये, इचिबानचो या जळक्या पेठेत ५२ बांबू उभे राहिले. शहरात कागदाचा तुटवडा होता, घरांचाही होता. तरी लोक त्या बांबूंखाली आले. १९४७ मध्ये सम्राटाच्या भेटीच्या वेळी त्याच्या मार्गावर ५,००० बांबू होते.

१८/
त्याच सुमारास सेंदाईच्या एका दुकानदाराने अंगणातील डेलियाचे फूल पाहून पातळ कागदाच्या फुलांचा भरगच्च गोळा घडवला. आज सेंदाईच्या प्रत्येक झुबक्याच्या माथ्यावर असतो तो हाच गोळा. प्राचीन वाटणारी ही खूण वस्तुतः युद्धाच्या राखेतून आलेली आहे.

१९/
सात वस्तूंपैकी सारस पुढे जगभर गेला, त्याचे कारण हिरोशिमाची सादाको सासाकी. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. रुग्णालयात ती औषधांच्या पुड्यांच्या वेष्टनाचे सारस करीत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, ऐन शरदात, ती गेली. तिच्या प्रेरणेने उभारलेल्या बालस्मारकाला आता दरवर्षी सुमारे एक कोटी सारस अर्पण होतात. त्यांचे वजन सुमारे १० टन भरते. पूर्वी ते साठवून ठेवले जात; आता त्यांतील पुष्कळांचा लगदा करून नवा कागद केला जातो. सम्राटाची पत्रे विरघळवणाऱ्या तामिकोला ही रीत परकी वाटली नसती.

२०/
११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीने सेंदाईचा किनारा उद्ध्वस्त केला. उत्सवाला पाचच महिने उरले होते. तो व्हावा की नाही, हा प्रश्न स्वाभाविक होता. उत्सव झाला, मृतांचे स्मरण आणि शहराची पुनर्बांधणी असे त्याचे स्वरूप होते. शहरातील शाळांच्या मुलांनी घडवलेल्या सारसांचे झुबके त्या वर्षी रस्त्यावर झुलले, आणि ती प्रथा पुढेही चालू राहिली.

२१/
इतिहासाचा अभ्यासक शोसोइनच्या नोंदींसमोर, तागाजोच्या लाखेच्या तुकड्यांसमोर बसतो, तेव्हा तो कोणाच्या तरी रद्दीसमोरच बसलेला असतो. ती कोणी टाकून न देता दुसऱ्या कामास लावली, म्हणून ती त्याच्यापर्यंत आली.
सेंदाईच्या घराघरांत आजही शेवटी टोपली होते. सारसाचा कोपरा, किमोनोची कड, इच्छापट्टीचा उरलेला अंगुळभर तुकडा, असे सारे तिच्यात गोळा होते. मग ती विद्या, आयुष्य आणि समृद्धी यांच्या शेजारी, त्याच बांबूवर बांधली जाते.

(समाप्त)