गाणी आहेत, चाल नाही

प्रवासात सापडलेलं गाणं आणि प्रवासात दिसलेली नक्षी, या दोन गोष्टींवर आपण नेहमी बोलतो. आज दोन्ही एकाच गावातल्या आहेत, आणि एकाच माणसाच्या.

गेल्या डिसेंबरात सोलापूरहून विजापूरला गेलो होतो. आता विजयपुरा म्हणतात. अंतर साधारण १०० किलोमीटर. सगळे जातात तसा आधी गोल घुमटात गेलो, टाळी वाजवली, व्हिडिओ काढला. बाहेर आलो तर रिक्षावाले काका म्हणाले, "इब्राहिम रोजा बघितल्याशिवाय जाऊ नका."

बरं झालं त्यांचं ऐकलं. एका उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक मकबरा आणि एक मशीद, मध्ये हौद. लांबून सुंदर दिसतातच, पण खरी गंमत जवळ गेल्यावर कळते. मकबऱ्याच्या बाहेरच्या भिंतींवर दगडात इतकं बारीक कोरीवकाम आहे की पुस्तकाची पानं उलगडून भिंतीला लावल्यासारखी वाटतात. भौमितिक नक्षी आहे, पण जास्त करून अक्षरं आहेत, अरबी आणि फारसी. आणि दारांच्या वरच्या खिडक्यांची जाळी? तीसुद्धा अक्षरांचीच! दोन अक्षरांच्या मधल्या फटीतून उजेड आत येतो. मी आतमध्ये पाच मिनिटं नुसता वर बघत उभा होतो.

हा मकबरा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा. मुळात तो राणी ताज सुलतानासाठी बांधायला घेतला होता, असं मानतात. पुढे इब्राहिमलाही तिथेच दफन केलं. कामावर देखरेख करणाऱ्या मलिक संदलचं नाव तिथल्या शिलालेखात आहे.

आता हा इब्राहिम कोण? १५८० मध्ये तो गादीवर आला तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. सुरुवातीला कारभार बघितला त्याच्या चुलतीने, म्हणजे आपल्याला शाळेत भेटलेल्या चांदबिबीने. मोठा झाल्यावर पठ्ठ्याला वेड लागलं संगीताचं. त्याच्या तंबुऱ्याला नाव होतं, मोतीखान. लाडक्या हत्तीचं नाव आतशखान. तंबुरा वाजवतानाचं त्याचं एक चित्र आज थेट प्रागच्या संग्रहालयात आहे. १६०३-०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग त्याला भेटला. त्याने लिहून ठेवलंय की इब्राहिमची फारसी अडखळती होती, मराठी मात्र सफाईदार. हे वाचल्यावर मला हा सुलतान एकदम शेजारच्या गल्लीतला वाटायला लागला.

या इब्राहिमने दखनी भाषेत गाण्यांचं पुस्तक लिहिलं: किताब-ए-नवरस. ५९ गाणी आणि १७ दोहे. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे, सूफी संत गेसूदराज आहेत, मोतीखान आणि आतशखानसुद्धा आहेत. प्रत्येक गाणं कुठल्या रागात गायचं तेही दिलंय. भूपाळी, तोडी, केदार, मल्हार... आपण आजही ऐकतो ती नावं.

मी लगेच हौदाच्या काठावर बसून इअरफोन लावले आणि शोधायला लागलो. म्हटलं, कुणीतरी गायलं असेलच. आधुनिक चाली लावलेलं काही सापडेलही, पण इब्राहिमच्या दरबारात वाजलेलं गाणं? ते मिळणार नाही. कारण पुस्तकात स्वरलिपी नाही. शब्द आहेत, रागाचं नाव आहे, चाल नाही. आणि चारशे वर्षांत रागही जसेच्या तसे राहत नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर फोल्डर आहे, फाइलचं नाव आहे, आतली ऑडिओ उडालीय.

त्याला बॅकअपची काळजी नव्हती असंही नाही. १५९९ मध्ये त्याने विजापूरजवळ नवरसपूर नावाचं नवं शहर वसवायला घेतलं. तिथे गवयांना बोलावून वसवलं. १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ते लुटलं. तिथल्या संगीत महालाचे अवशेष आजही उभे आहेत. भिंती पडल्या तरी दगड उरतो, पण गवयी पांगले की गाणं कुठे ठेवणार? ते गळ्यातून गळ्यातच जातं ना. एक पिढी तुटली की संपलं. १६२७ मध्ये इब्राहिमही गेला.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगतो. आमच्या आजीची एक वही आहे. पाळणे, हळदीची गाणी, पहाटेच्या भूपाळ्या, सगळं तिच्या अक्षरात. दर दिवाळीला मी म्हणायचो, "आजी, एकदा निवांत बसून रेकॉर्ड करू." फोन खिशातच असायचा. आजीला जाऊन आता चार वर्षं झाली. वही कपाटात नीट आहे. आईला त्यातल्या सहा-सात गाण्यांच्या चाली येतात, बाकीची ती नुसती वाचते.

विजापूरहून परतल्यावर त्याच रविवारी आईला स्वयंपाकघरात बसवलं आणि आठवतंय तेवढं रेकॉर्ड केलं. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, एका पाळण्यात ती मध्येच अडकते आणि हसते. मी काहीही कापलं नाही.

तर मंडळी, इब्राहिम रोजा नक्की बघा. सकाळी जा, जाळीतून ऊन आत येतं तेव्हा. आणि तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, ती गाणारं माणूसही असेल, तर पुढच्या दिवाळीची वाट बघू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!