दुर्गा खोटे

दुर्गा खोटे (जन्म : १४ जानेवारी १९०५, मृत्यू : २२ सप्टेंबर १९९१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील तसेच मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री आणि चित्रपट-व्यावसायिक होत्या. प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्रीने बोलपटात प्रवेश केल्याचे त्यांचे उदाहरण अग्रक्रमाने दिले जाते. अभिनयात स्थिरावल्यानंतर त्यांनी स्वतःची लघुपटनिर्मिती संस्था काढली आणि ती अनेक वर्षे चालवली. त्यांच्या कारकिर्दीची ही दुसरी बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे.

पूर्वायुष्य

त्यांचे माहेरचे आडनाव लाड. मूळ गोव्याच्या या सारस्वत कुटुंबाचे वास्तव्य मुंबईत गिरगावातील कांदेवाडीत होते. वडील पांडुरंग लाड सॉलिसिटर होते. कॅथीड्रल शाळेत व नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. महाविद्यालयात असतानाच विश्वनाथ खोटे या अभियंत्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे झाले. सधन असलेले सासरचे घर पुढे आर्थिक संकटात सापडले. संसाराला हातभार म्हणून दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या केल्या. चित्रपटाकडे त्या वळल्या त्या याच निकडीमुळे. हौस हे त्यामागचे कारण नव्हते.

चित्रपट कारकीर्द

मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. त्यानंतर व्ही. शांताराम यांनी 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात त्यांना तारामतीची भूमिका दिली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये हीच तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकारली होती. मधल्या १९ वर्षांत काही स्त्रिया पडद्यावर आल्या होत्या. तरी पांढरपेशा समाजाच्या लेखी हा पेशा अप्रतिष्ठेचाच होता. 'अयोध्येचा राजा'च्या यशानंतर ही नाराजी पुष्कळशी निवळली.

त्या काळी कलावंत सहसा एकाच कंपनीत मासिक पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी ही चाकोरी लवकर सोडली आणि निरनिराळ्या संस्थांशी स्वतंत्र करार करून काम केले. कोलकात्यात त्यांनी न्यू थिएटर्ससाठी 'राजरानी मीरा' (१९३३) केला. देवकी बोस दिग्दर्शित 'सीता' (१९३४) हा तेथीलच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा चित्रपट व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. 'प्रभात'च्या 'अमर ज्योती' (१९३६) मधील समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी ही त्यांची सर्वांत वेगळी भूमिका म्हणावी लागेल. 'पायाची दासी', 'भरत भेट' व 'पृथ्वीवल्लभ' हे त्यानंतरचे उल्लेखनीय चित्रपट. 'मुगल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाईमुळे पुढच्या पिढीला त्या आईच्या भूमिकांसाठी परिचित झाल्या. 'बॉबी' (१९७३) व 'बिदाई' (१९७४) याच टप्प्यातील.

रंगभूमीवर त्यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत कामे केली. 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई आणि 'मॅकबेथ'वर आधारित वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधील नायिका या त्यांच्या भूमिका विशेष गाजल्या.

निर्मिती व्यवसाय

'साथी' (१९३७) या चित्रपटाच्या निर्मितीतून त्या या क्षेत्रात उतरल्या होत्या. १९५२ मध्ये त्यांनी 'फॅक्ट फिल्म्स' ही संस्था स्थापन केली. पुढे 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या नावाने काम चालले. लघुपट, माहितीपट व जाहिरातपट हा संस्थेचा मुख्य व्यवहार. जाहिरातपटाचा खर्च जाहिरातदार उचलतो, त्यामुळे निर्मात्याचे उत्पन्न तिकीटविक्रीच्या चढउतारावर अवलंबून राहत नाही. वाढत्या वयाबरोबर भूमिका दुय्यम होत जाणाऱ्या अभिनेत्रीच्या दृष्टीने ही निवड व्यवहारी होती. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या आणि जाहिरातपटांना चित्रपटगृहांखेरीज नवे माध्यम मिळाले. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरची, कुंदन शाह दिग्दर्शित 'वागले की दुनिया' (१९८८) ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच निर्मिती.

कुटुंब व लेखन

नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता या काही काळ त्यांच्या स्नुषा होत्या. धाकटे पुत्र हरिन यांचे अकाली निधन झाले. अभिनेते विजू खोटे व अभिनेत्री शुभा खोटे ही त्यांच्या दिरांची मुले. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र असून शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

सन्मान

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८), 'बिदाई'साठी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार.