पडदा आणि संगणक : एका सोयरिकीचा इतिहास

नवा संगणक घरी यावा, जुना मॉनिटर त्यास जोडावा आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उमटावीत, हा अनुभव आता अनेक घरांत येतो. अशा वेळी दोष बहुधा मॉनिटरच्या माथी मारला जातो आणि चांगले चालते यंत्र भंगारात जाते. वस्तुतः हा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखा होय. संगणक आणि पडदा यांचे सूत जुळविण्याचा खटाटोप चाळीस वर्षांहून जुना आहे. आजच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा त्या इतिहासातच होतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात बसविण्यास दोन प्रकारची कार्डे मिळत : एक केवळ एकरंगी अक्षरांचे, दुसरे रंगीत चित्रांचे. दोहोंची जोडणी नऊ पिनांची, दिसावयास अगदी सारखी. परंतु त्या काळचा पडदा काचेच्या नळीचा होता. नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक ओळ रेखीत जाई, आणि त्याचा वेग सिग्नलाशी जुळावा लागे. एकरंगी कार्ड सेकंदास सुमारे १८,४०० ओळी पाठवी, रंगीत कार्ड सुमारे १५,७००. एकासाठी घडविलेला पडदा दुसऱ्यास जोडला तर चित्र तर नीट उमटत नसेच, उलट मॉनिटर बिघडण्याचीही भीती असे. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण त्या नऊ पिनांना तंतोतंत लागू पडली.

यावर पहिला तोडगा निघाला तो पडद्याच्या बाजूने. जपानच्या एनईसी कंपनीचा ‘मल्टिसिंक’ मॉनिटर निरनिराळे वेग ओळखून स्वतःस त्यांच्याशी जुळवून घेई. पुढे १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए ही पद्धत आणली. पंधरा पिनांची ही जोडणी रंगांच्या छटा विजेच्या दाबातील चढउतारांनी कळवी. ती इतकी रुळली की मॉनिटर म्हटला की व्हीजीए, असे समीकरणच झाले.

तथापि एक उणीव राहिली. संगणक बोलत असे आणि पडदा ऐकत असे. पडद्याला आपली कुवत नीट सांगता येत नव्हती. ती मॉनिटरची पुस्तिका पाहून माणसालाच संगणकास सांगावी लागे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ‘एडिड’ नावाचे प्रमाण ठरवून ही उणीव दूर केली. मॉनिटरमध्ये अवघ्या १२८ बाइटांची नोंद साठविली जाऊ लागली : उत्पादक कोण, पडद्याचा आकार केवढा, चित्र किती बारकाव्याचे व कोणत्या वेगाचे चालेल. लग्नाआधी पत्रिका पाहावी, तशी संगणक ही नोंद आधी वाचतो आणि मग चित्र पाठवितो. आजही केबल सदोष असली व ही पत्रिका पोचली नाही, तर चित्र ढोबळ उमटते किंवा मुळीच उमटत नाही.

त्यानंतर सपाट पडदे आले आणि सिग्नलही अंकरूप झाला. १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ मध्ये एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट अशा जोडण्या एकामागून एक ठरल्या. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो आदी कंपन्यांनी व्हीजीएला निरोप देण्याचा मानस जाहीर केला. जुना मॉनिटर नव्या संगणकाला परका झाला तो येथे. अंकरूप सिग्नलाचे चढउताराच्या सिग्नलात रूपांतर करावयाचे तर नुसती दोन टोकांची तार पुरत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. शिवाय तो साधारणतः एकाच दिशेने चालतो. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर उलटा जोडून उपयोग नाही.

२०१४ मध्ये यूएसबी-सी ही लहानशी, कशीही फिरवून बसणारी जोडणी आली आणि इतिहासाने जणू एक फेरी पूर्ण केली. त्याच वर्षी तिच्यातून डिस्प्लेपोर्टचे चित्र नेण्याची सोयही ठरली. परंतु ती प्रत्येक संगणकात व प्रत्येक केबलीत असतेच असे नाही. काही तारा केवळ वीज आणि संथ माहिती वाहतात. तोंडे सारखी, गुण मात्र निराळे : १९८१ चाच हा पेच नव्या रूपात पुन्हा उभा राहिला आहे.

म्हणून पडदा काळा राहिला की क्रमाने तीन गोष्टी पाहणे श्रेयस्कर. संगणकाच्या त्या खाचेतून चित्र मुळात बाहेर पडते काय? मधली केबल वा कन्व्हर्टर ते योग्य दिशेने नेतो काय? आणि मॉनिटरच्या मेन्यूत तीच जोडणी निवडलेली आहे काय? जुना मॉनिटर पुष्कळदा निकामी झालेला नसतो. त्याला केवळ योग्य दुभाष्या मिळालेला नसतो. तो दुभाष्या मिळाला की भंगाराच्या वाटेला लागलेला पडदा पुन्हा उजळतो.