‘राइट’ या इंग्रजी क्रियापदाची व्युत्पत्ती आणि तिचे प्रामाण्य

इंग्रजीतील ‘राइट’ हे क्रियापद आज ‘लिहिणे’ या अर्थी रूढ आहे. लेखनात त्याच्या आरंभी असलेला ‘व्’ सतराव्या शतकाच्या सुमारास प्रमाण उच्चारातून लोपला. प्राचीन इंग्रजीत मात्र ‘व्रीतान’ या रूपात तो स्पष्ट उच्चारला जात असे आणि त्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘ओरखडणे, कोरणे, चिरणे’ असा होता. प्राचीन लोक लाकडावर व दगडावर कोरून लिहीत, म्हणून कोरण्याचा वाचक शब्दच लिहिण्याचा वाचक झाला, एवढे सांगून ही व्युत्पत्ती बहुधा संपविली जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. शेजारच्या बहुतेक जर्मानिक भाषांनी ‘लिहिणे’ या अर्थी लॅटिन शब्द स्वीकारला असता इंग्रजीने स्वतःचाच शब्द का राखला, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

प्रथम मूळ अर्थाचा पुरावा पाहणे इष्ट ठरेल. इसवी सन 1000 च्या सुमारास लिहिलेल्या एकमेव हस्तलिखितात जतन झालेल्या ‘बेओवुल्फ’ या काव्यात नायक अजगराला सुरीने मधोमध चिरतो. त्या ठिकाणी ‘फोरव्रात’ हे याच धातूचे उपसर्गयुक्त भूतकालीन रूप आले आहे. त्याच काव्यात तलवारीच्या मुठीवर कोरलेल्या वृत्तान्तासाठी ‘व्रितेन’ हे भूतकालवाचक धातुसाधित योजिले आहे. म्हणजे चिरणे आणि अक्षरे कोरणे हे दोन्ही अर्थ एकाच कृतीत शेजारी नांदताना दिसतात. स्वीडनमधील यार्सबेर्ग येथील सहाव्या शतकातील शिलालेखात ‘मी रून अक्षरे लिहितो’ अशा अर्थाच्या वाक्यात ‘वरितु’ हे क्रियारूप आढळते. जर्मनमधील सजातीय ‘रायसेन’ या क्रियापदाचा अर्थ आज ‘फाडणे’ असा आहे. तथापि आरेखनाच्या फळ्याला ‘रायसब्रेट’ म्हणतात, त्यात रेघ ओढण्याचा जुना अर्थ शिल्लक आहे.

असे अर्थान्तर एकट्या जर्मानिक शाखेत झाले असे नाही. ग्रीक ‘ग्राफेइन’ आणि लॅटिन ‘स्क्रीबेरे’ यांचाही आद्य अर्थ ओरखडण्याचाच. ऋग्वेदात ‘रिख्’ हा धातू ओरखडण्याच्या अर्थी येतो. ‘रेखा’ हा शब्द त्याच्याशी संबद्ध असून त्याचेच लकारयुक्त रूप ‘लिख्’ होय. मराठी ‘लिहिणे’ त्यापासून आले. मात्र हे धातू परस्परांहून भिन्न आहेत. अर्थान्तराची दिशा समान असली म्हणजे शब्दांचे नाते सिद्ध होत नाही. शिवाय सर्व भाषा याच दिशेने गेल्या असेही नाही. स्लाव्ह भाषांतील ‘पिसाति’ हे क्रियापद रंगविणे, चितारणे या अर्थाच्या धातूवरून आले. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलात लिहिण्यासाठी ‘मेल्यान’ हे क्रियापद येते आणि ते जर्मनमधील रंगविण्याच्या ‘मालेन’ या क्रियापदाचे सजातीय आहे. ‘राइट’शी सजातीय असलेला ‘व्रित्स’ हा शब्द गॉथिकमध्ये अक्षराच्या लहानशा रेघेपुरता उरला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. जर्मन ‘श्रायबेन’, डच ‘स्ख्रायव्हन’ आणि स्वीडिश ‘स्क्रीवा’ ही लिहिण्याची क्रियापदे लॅटिन ‘स्क्रीबेरे’पासून आली आहेत. इंग्रजीनेही हा शब्द घेतला होता; परंतु तेथे त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त नेमून देणे, पापनिवेदन ऐकणे’ असा संकुचित झाला. आधुनिक ‘श्राइव्ह’ हे क्रियापद आणि ख्रिस्ती उपवासकालाच्या पूर्वदिनाचे ‘श्रोव्ह ट्यूजडे’ हे नाव त्याचेच अवशेष होत. लॅटिन शब्द धर्मगुरूच्या अधिकारक्षेत्रात गेला आणि लेखनाचे क्षेत्र देशी शब्दाकडे राहिले.

या विभागणीची संगती इंग्लंडच्या लेखनेतिहासाशी लागते. ऑगस्टिनचे धर्मप्रचारक मंडळ 597 मध्ये केंट येथे आले. त्यानंतर लवकरच, 616 मध्ये निधन पावलेल्या एथेलबेर्ट राजाच्या कारकिर्दीत, तेथील कायदे इंग्रजीत लिहिले गेले. आल्फ्रेडच्या राज्यकाळात (871–899) लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणण्याचा उपक्रम झाला. लोकभाषेतील लेखन इतक्या लवकर रुजल्यामुळे त्या क्रियेचे देशी नावही टिकले असावे. अर्थात हे अनुमान आहे, नियम नव्हे. लोकभाषेत विपुल लेखन करणाऱ्या आइसलँडमध्ये देशी ‘रीता’ आणि परकीय ‘स्क्रीवा’ ही दोन्ही क्रियापदे नांदली, हा अपवाद नजरेआड करता येत नाही.

लेखनव्यवहाराबरोबर त्याचे शब्दही प्रवास करतात, याचे उदाहरण अशोकाच्या लेखांत आहे. गिरनार येथील पाठात ‘लिपी’ आणि ‘लेखापिता’ असे शब्द येतात. वायव्येकडील शाहबाजगढीच्या पाठात मात्र त्यांच्या जागी ‘दिपि’ आणि ‘निपिस्त’ ही इराणी वळणाची रूपे दिसतात. त्या प्रदेशावर पूर्वी अखमेनी सत्ता होती, याची ती साक्ष होय.

‘राइट’शी संबद्ध असलेल्या ‘रिट’ या नामाचा इतिहासही हेच सांगतो. प्रारंभी त्याचा अर्थ केवळ ‘लेख’. पुढे राजाच्या मुद्रांकित आज्ञापत्राला हे नाव मिळाले. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर, सुमारे 1070 पासून, ही पत्रे लॅटिनमध्ये निघू लागली, तरी त्यांचे इंग्रजी नाव गेले नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 32 व 226 अन्वये सर्वोच्च व उच्च न्यायालये जे आदेश काढतात, त्यांना हेच नाव आहे आणि ‘रिट याचिका’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळला आहे. याउलट ‘प्लेराइट’ या शब्दातील ‘राइट’चा लेखनाशी संबंध नाही, तो ‘घडविणारा’ या अर्थाच्या ‘विर्‌ह्ता’ या प्राचीन इंग्रजी शब्दापासून आला.

तात्पर्य, धातूचा मूळ अर्थ लेखनाच्या साधनाचा सुगावा देतो. शब्द का टिकला हे तो सांगत नाही. त्यासाठी समाजात कोण, कोणत्या भाषेत आणि कोणत्या प्रयोजनाने लिहीत होते, हे तपासावे लागते. व्युत्पत्ती ही इतिहासाची साक्षीदार खरी. पण एकट्या साक्षीदारावर निर्णय देता येत नाही.