पावसात बाईकचा ‘रेन मोड’: कधी लावावा आणि कशासाठी त्याच्यावर विसंबू नये

मृगाच्या सरी सुरू झाल्या की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत पुढचे तीन-चार महिने रस्ता ओलाच असतो. दूध घालायला, कामावर, कॉलेजला जाणाऱ्यांची गाडी मात्र थांबत नाही. अलीकडे 160 सीसीपासूनच्या अनेक गाड्यांना ‘रेन मोड’ येतो. बटण दाबले की गाडी स्लीप होणार नाही, असा अनेकांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा अंगाशी येऊ शकतो.

रेन मोड नेमके काय करतो?

टायरला रस्त्याची पकड ठरावीकच मिळते. वेग वाढवणे, ब्रेक मारणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्याच पकडीतून होतात. रस्ता ओला झाला की ती कमी होते. अशा वेळी एकदम ॲक्सिलेटर पिळला तर मागचे चाक जागेवर फिरते आणि गाडीचा मागचा भाग आडवा जातो. रेन मोडमध्ये गाडीतला कॉम्प्युटर (ईसीयू) इंजिनची ताकद कमी ठेवतो. बऱ्याच गाड्यांत ती हळूहळूही सोडली जाते. त्यामुळे हात थोडा जास्त पिळला गेला तरी चाक सुटण्याची शक्यता घटते.

ताकद किती कमी होते हे गाडीवर अवलंबून आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार:

- टीव्हीएस अपाची आरटीआर 160 4व्ही: स्पोर्ट मोडमध्ये 17.55 पीएस, अर्बन व रेनमध्ये 15.64 पीएस.
- अपाची आरटीआर 200 4व्ही: स्पोर्टमध्ये 20.82 पीएस, अर्बन व रेनमध्ये 17.32 पीएस.
- अपाची आरआर 310 (2020 चे बीएस-6 मॉडेल): स्पोर्ट व ट्रॅकमध्ये 34 पीएस, रेन व अर्बनमध्ये 25.8 पीएस.

म्हणजे 160 च्या गाडीत फरक जेमतेम 11 टक्के आहे. तिचा टॉप स्पीड स्पोर्टमध्ये 114, तर रेनमध्ये 103 किलोमीटर सांगितला जातो. रेन मोड लावूनही गाडी शंभरी गाठू शकते, हे लक्षात ठेवावे.

नाव सारखे, काम वेगळे

सगळ्यांचा रेन मोड सारखा नसतो. 2024 च्या पल्सर एन 250 मधले रोड, रेन आणि ऑफ-रोड हे एबीएसचे मोड आहेत. ते ब्रेकवर काम करतात, इंजिनची ताकद कमी करत नाहीत. हिमालयन 450 ला रेन मोड नाही. तिथे ‘इको’ लावला की गाडी मवाळ चालते. टीव्हीएस आयक्यूबसारख्या इलेक्ट्रिक स्कूटरला मोटरचा जोर सुरुवातीपासूनच मिळतो, म्हणून ओल्या रस्त्यावर ‘पॉवर’ऐवजी इकॉनॉमी मोड बरा. आपल्या गाडीत कोणता मोड काय बदलतो, हे पुस्तिकेत पाहावे किंवा शोरूममध्ये विचारावे.

ब्रेकचे काय?

इथेच बहुतेक जण फसतात. ताकद कमी केली म्हणून थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ते वेगावर आणि रस्त्यावर ठरते. 60 च्या स्पीडला ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी जवळपास 17 मीटर पुढे जाते. 40 ला तेच अंतर 11 मीटर आहे. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर तर 60 वरून 40 वर आल्यास निम्म्याहून कमी होते. हे कोणताही मोड करून देत नाही.

सिंगल चॅनेल एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते, मागचे चाक जाम होऊ शकते. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएस (हिरोच्या गाड्यांवर ‘आयबीएस’) मागचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही थोडा लावते, पण चाक जाम होणे थांबवत नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, लवकर आणि हळूहळू वाढवत दाबावेत. वळणात शिरण्याआधीच वेग उतरवावा.

मोड नसलेल्या गाडीवर

गावाकडे स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिनाच जास्त आहेत. त्यांचा रेन मोड म्हणजे चालवणाऱ्याचा हात. ॲक्सिलेटर सावकाश वाढवावा, क्लच हळू सोडावा, सपाट रस्त्यावर एक गिअर वरचा ठेवावा. धावत्या गाडीत एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडला की मागचे चाक झटका खाऊन घसरते. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडू नये.

या जागी कोणताच मोड पुरत नाही

- शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली राड. काळ्या मातीचा थर टायरच्या नक्षीत भरला की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच.
- पहिल्या सरीनंतर वर आलेले तेल, पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, शेण आणि फरशी पुलावरचे शेवाळ.
- करूळ, फोंडा, आंबा घाटातली वळणे. तिथे दाट धुक्यात समोरची एसटी अगदी जवळ आल्यावरच दिसते.
- पाण्याखालचे बंधारे. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातोच, बाकी ठिकाणीही तसेच. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. रस्ता वाहून गेला आहे का, हे वरून कळत नाही.

मोड लावताना

1. शक्यतो गाडी उभी असताना मोड बदलावा. चालत्या गाडीत बदलायची सोय असेल तर सरळ रस्त्यावर, ॲक्सिलेटर सोडून. वळणात कधीच नाही.
2. पाऊस थांबला तरी रस्ता कोरडा होईपर्यंत मोड तसाच ठेवावा. झाडाखालचा रस्ता उशिरा वाळतो.
3. ओव्हरटेकला जास्त अंतर लागते. मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असतील आणि समोर चढ असेल तर ओव्हरटेक टाळलेलाच बरा.
4. कॅन मागे लादले की पुढचे चाक हलके होते. वजन दोन्ही बाजूंना सारखे बांधावे.
5. टायरवर ‘टीडब्ल्यूआय’ लिहिलेल्या जागी नक्षीच्या खाचेत छोटा उंचवटा असतो. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायची वेळ झाली. गोटा झालेल्या टायरवर रेन मोडचा उपयोग नाही.
6. हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी. ‘पावसात कमी हवा बरी’ हा सल्ला डांबरी रस्त्यावर चुकीचा आहे.
7. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालत दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून पाहावेत. ओले लायनर लगेच पकडत नाहीत.