हजर, हुजूर आणि पडदा : पॅरोल-सुनावणीतील उपस्थितीचा प्रश्न

'पॅरोल' हा शब्द मुळात बोलण्याचा आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ उक्ती, आणि त्यातूनच दिलेला शब्द. पुन्हा शस्त्र न धरण्याचे वचन देऊन सुटणाऱ्या युद्धकैद्याच्या संदर्भात तो युरोपच्या लष्करी व्यवहारात रूढ झाला व पुढे तुरुंगप्रशासनात आला. सोस्यूरच्या भाषाविचारातील 'पारोल' ती हीच; भाषाभ्यासक आणि तुरुंगाधिकारी यांची परिभाषा इतकी जवळ येण्याचे प्रसंग विरळाच. महाराष्ट्राच्या कारागृह-प्रशासनाने पॅरोलसाठी 'अभिवचन रजा' ही संज्ञा स्वीकारली, तेव्हा वचनाचा हा अंश मराठीतही टिकला. मात्र शब्द द्यायचा तर तो कोणासमोर, आणि 'समोर' म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न अमेरिकेतील संघराज्यीय पॅरोल आयोगापुढे 2004 साली नव्या रूपात उभा राहिला.

संघराज्याच्या तुरुंगांतील कैद्यांसाठी पॅरोलचा कायदा अमेरिकेत 1910 साली झाला. 1976 च्या पुनर्रचना-कायद्याने सुनावणीला निश्चित रूप दिले आणि कैद्याला तेथे 'उपस्थित होऊन' स्वतःच्या बाजूने निवेदन करण्याची मुभा दिली. आयोगाचा सुनावणी अधिकारी तुरुंगात जाई, कैद्याशी बोले आणि शिफारस करी. निर्णय घेणारे आयुक्त बहुधा केवळ कागद पाहत. साऱ्या प्रक्रियेत कैद्याला डोळ्यांनी पाहणारा असा तो अधिकारीच. पुढे 1984 च्या कायद्याने 1 नोव्हेंबर 1987 पासूनच्या गुन्ह्यांसाठी ही पद्धतीच रद्द केली. मागे उरले ते जुन्या, दीर्घ शिक्षांचे कैदी. त्यांत 1997 च्या कायद्यान्वये राजधानी वॉशिंग्टनच्या स्थानिक कायद्याखालील कैद्यांची भर पडली. हे कैदी दूरदूरच्या तुरुंगांत विखुरलेले होते आणि आयोगाचे कार्यालय मेरीलँडमध्ये. प्रवासाचा खर्च व अधिकाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून 2004 च्या आरंभी आयोगाने दूरदृश्यप्रणालीने सुनावणी घेण्याचा प्रयोग सुरू केला. सगळा वाद एका क्रियापदावर येऊन ठेपला : कायद्यातील 'अपीअर' म्हणजे देहाने येणे, की नुसते दिसणे? इंग्रजीत या क्रियापदाला दोन्ही अर्थ आहेत, आणि लॅटिन मूळ दृग्गोचर होण्याकडेच झुकते.

या ठिकाणी मराठीतील एक शब्दजोडी उद्बोधक ठरते. 'हजर' आणि 'हुजूर' हे एकाच अरबी धातूपासून आलेले शब्द. समोर येणारा तो हजर आणि ज्याच्या समोर यायचे तो हुजूर. पेशव्यांचे हुजूर दफ्तर किंवा पुण्याची हुजूरपागा या नावांत सत्तेचे सान्निध्यच अभिप्रेत आहे. रिवाज असा की हजर होणाऱ्याने हुजुरापर्यंत चालत जावे. अमेरिकी पॅरोल-सुनावणीत हा क्रम उलटा होता : हुजूरच तुरुंगाच्या दारी जात असे. पडद्याने वाचवलेली पायपीट कैद्याची नव्हे, अधिकाऱ्याची होती. सोयीच्या चर्चेत ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

सिनसिनाटी येथील सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने 2009 साली एका कैद्याच्या अर्जावर निर्णय देताना 'अपीअर'चा अर्थ सदेह उपस्थिती असाच केला. पॅरोल ठरवण्याची सुनावणी पडद्यावरून घेणे 1976 च्या कायद्याशी विसंगत ठरवले. तो निर्णय मिशिगन, ओहायो, केंटकी व टेनेसी या चार राज्यांपुरता बंधनकारक होता. घटनात्मक तत्त्वांच्या मोठ्या भाषेपेक्षा शब्दार्थाच्या बारीक चिकित्सेवर तो उभा आहे, हे त्याचे वैशिष्ट्य.

भारतीय न्यायव्यवहाराने या प्रश्नाला आधीच वेगळे उत्तर दिले होते. मुंबईतील एका खटल्यात न्यूयॉर्कच्या वैद्यकतज्ज्ञाची साक्ष दूरदृश्यप्रणालीने नोंदवता येईल काय, या मुद्द्यावर 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली असे ठरवले की, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 273 मधील 'उपस्थिती' प्रत्यक्ष शारीरिकच असली पाहिजे असे नाही. पडद्यावरचा साक्षीदार म्हणजे आभासी वास्तव, हा आक्षेपही न्यायालयाने नाकारला : आभास नसलेल्या गोष्टीचा असतो, येथे माणूस खराच आहे, फक्त दूर आहे. युक्तिवाद बिनतोड आहे. पण तेथे दूर होता तो साक्षीदार. बंदिवान दूर ठेवला जातो तेव्हा तोच युक्तिवाद तितक्या सहजतेने लागू पडत नाही.

संहितेच्या 2008 च्या दुरुस्तीत, जी 31 डिसेंबर 2009 पासून अमलात आली, याची जाणीव दिसते. न्यायालयीन कोठडी वाढवताना आरोपी पडद्यावर दिसला तरी पुरे. पोलीस कोठडीसाठी मात्र दर वेळी त्याला देहानेच दंडाधिकाऱ्यापुढे आणले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही हा भेद राखला आहे. मारहाणीचे वळ चौकटीबाहेर ठेवता येतात आणि शेजारी कोण उभे आहे हे चित्रात येत नाही, एवढे कायदा न बोलता मान्य करतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्वर, वर्ण, हावभाव, डोळे व हालचाल यांवरून माणसाचे अंतःकरण ओळखावे असे सांगितले आहे. चेहऱ्यावरून खरेखोटे कळते हा विश्वास फारसा भरवशाचा नाही. पण देह समोर असण्याचे कारण केवळ तेवढेच नाही. देहाला काय झाले आहे, हेही पाहायचे असते. 'हेबियस कॉर्पस'साठी मराठी विधिपरिभाषेने 'देहोपस्थिती' असा शब्द घडवला तो म्हणूनच समर्पक. हिंदीतील 'बंदी प्रत्यक्षीकरण' या पर्यायात देह मागे पडून दृष्टी पुढे येते.

तुलनेला एक मर्यादा आहे. अमेरिकी पॅरोल ही उरलेल्या शिक्षेच्या काळात बाहेर राहण्याची सशर्त परवानगी. भारतातील पॅरोल ही आजारपण, मृत्यू, विवाह अशा कारणांसाठी मिळणारी मुदतीची रजा. भेद एवढ्यावर थांबत नाही. 1959 च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनी आखलेली वाट अर्ज, पोलिसांचा अहवाल, जामीनदार आणि सक्षम अधिकाऱ्याचा आदेश अशी कागदाकागदाने जाते. सहाव्या परिमंडळाने जिचे स्वरूप ठरवले ती सुनावणी या वाटेवर नाही. पडदा असावा की नसावा हा वाद उद्भवायलाही आधी कोणीतरी ऐकणारा लागतो. अभिवचन रजेतील अभिवचन कैदी बंधपत्रावर सही करून किंवा अंगठा उठवून देतो, आणि तेही रजा मंजूर झाल्यानंतर.