सुजलेला हात आणि हलका स्पर्श

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली, की काहींचा त्या बाजूचा हात सुजू लागतो. लालबागच्या माझ्या पेशंट काकूंच्या बांगड्या चढेनात. शेजारणीने तेल लावून हात रोज जोरात चोळून दिला. आठवड्यात हात लालभडक, थंडी वाजून ताप!

हे का होतं? कातडीखालच्या बारीक नळ्यांतून लसिका नावाचा द्रव वाहतो. हाताच्या लसिकेचा मुख्य रस्ता काखेतल्या गाठींतून जातो. त्या गाठी काढल्या की वाट अडते.

अमेरिकेचे सर्जन हॉलस्टेड स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत. जीव वाचवण्यासाठी ही पद्धत जगभर गेली. पण १९२१ साली त्यांनीच या सुजेवर लेख लिहिला आणि तिला चक्क सर्जरीतून आलेला हत्तीरोग म्हटलं. आपल्याकडे परळला टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, तेव्हा हीच मोठी सर्जरी रूढ होती.

हलक्या हाताचा उपाय आला तो सर्दीवरून! डेन्मार्कचे एमिल व्होडर १९३२ च्या सुमारास पत्नी एस्ट्रिडसह फ्रान्समधल्या कान शहरात काम करत होते. जुनाट सर्दीच्या लोकांच्या मानेतल्या गाठी सुजलेल्या असत. गाठींना हात लावू नये, असा तेव्हाचा दंडक. यांनी लावला, पण अगदी अलगद. १९३६ साली पॅरिसमध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. व्होडर डॉक्टर नव्हते. आमच्या मंडळींनी त्यांना बराच काळ दाराबाहेर ठेवलं, हे कबूल करायला हवं. पुढे जर्मनीच्या डॉ. फोल्डींनी त्याला घट्ट पट्ट्या, व्यायाम आणि कातडीची निगा यांची जोड दिली.

या मालिशमध्ये रग जिरत नाही. कातडी फक्त हलकेच ताणायची असते. आधी मान आणि दुसरी काख मोकळी करायची, मग सुजलेला हात. आणि एक सांगतो, सूज धरून ठेवते ती मुख्यतः पट्टी. नुसत्या मालिशवर विसंबू नका. हात लाल, गरम असेल, शिरेत गुठळी असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

काकूंचा ताप अँटिबायोटिकने उतरला. नंतर फिजिओथेरपिस्टकडून पट्ट्या सुरू झाल्या. बांगड्या अजून चढत नाहीत, पण ब्लाउजची बाही बसते.